लाल ठिपक्यावर किती विश्वास ठेवायचा?

मी वाराणसीहून बोलतोय. या मालिकेचे श्रोते बेळगावपासून इंदूरपर्यंत आणि बडोद्यापासून हैदराबादपर्यंत पसरलेले आहेत, त्यामुळे भाषा साधी ठेवतो. विषय मात्र थोडा जड आहे. 'स्ट्रेस' हा शब्द ऐकून कुणी मनःशांतीसाठी आलं असेल, तर आधीच सांगतो, आज आपण पोलादाच्या आणि काँक्रीटच्या ताणाबद्दल बोलणार आहोत. माणसाच्या ताणावर बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत.

मी सैन्यात कोर ऑफ इंजिनिअर्समध्ये होतो, म्हणजे सॅपर. आमच्याकडे लष्करी पुलाच्या तोंडाशी एक पिवळी गोल पाटी असते आणि तिच्यावर काळ्या रंगात एक आकडा. हा पुलाचा लोड क्लास. गाडीवरही तिचा वर्ग लिहिलेला असतो. गाडीचा आकडा पुलाच्या आकड्याहून मोठा असेल, तर गाडी थांबते. तो आकडा कसा काढला हे ड्रायव्हर विचारत बसत नाही, तो पाटीवर विश्वास ठेवतो. म्हणून पाटीमागचा हिशेब करणाऱ्याची जबाबदारी मोठी.

आज हा हिशेब बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटर करतो, फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस या पद्धतीने. पडद्यावर सुंदर रंगीत चित्र येतं. निळा भाग निवांत, हिरवा बरा, पिवळा सावध, आणि कुठेतरी कोपऱ्यात एक लाल ठिपका, शेजारी आकडा. आजचा प्रश्न एवढाच की त्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जाळी दोन्ही बाजूंनी फसवते. ती खरा धोका लपवू शकते आणि नसलेला धोका दाखवूही शकते. दोन्ही ओळखण्याची रीत एकच आहे, ती आज शिकू.

ताण गर्दी का करतो

बनारसी साडीच्या दुकानात कापड फाडताना पाहा. दुकानदार काठाला कात्रीने एक छोटी खाच देतो आणि मग दोन हातांनी टर्रकन फाडतो. खाच दिली नाही, तर तेच कापड तेवढ्याच जोराने फाटत नाही. जोर तोच, कापड तेच. खाचेने एवढंच केलं की सगळा जोर तिच्या टोकाशी गोळा झाला. याला स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन म्हणतात, म्हणजे ताणाची एकवट.

इथे राजघाटाला मालवीय पूल आहे. १८८७ साली सुरू झाला तेव्हा त्याचं नाव डफरिन ब्रिज होतं. खालून रेल्वे, वरून रस्ता. त्या पुलाच्या खांबापाशी गंगेचं पाणी बघा. मोकळ्या पात्रात धारा समांतर वाहतात. खांब आडवा आला की त्या बाजूला सरकतात, खांबाच्या कुशीत दाटीवाटीने जातात आणि पुढे पुन्हा पसरतात. पोलादाची पट्टी ओढली की तिच्यातल्या बलाच्या रेषाही अशाच वाहतात असं समजा. मध्ये भोक असेल, तर त्या भोकाला वळसा घालतात आणि भोकाच्या दोन्ही कडांना गर्दी करतात. तुलना इथपर्यंतच ओढायची. आदर्श गणितात गोल खांबाच्या कुशीत पाण्याचा वेग दुप्पट होतो, तर मोठ्या पट्टीतल्या छोट्या गोल भोकाच्या कडेला स्ट्रेस तिप्पट होतो. हे तिप्पटचं गणित जर्मनीच्या किर्श यांनी १८९८ सालीच मांडलं.

गंमत अशी की या तिपटीचा भोकाच्या आकारमानाशी संबंध नाही. पट्टीच्या मानाने भोक लहान असलं की झालं. दोन मिलिमीटरचं असो वा वीसचं, कडेला तिप्पटच. फरक पडतो तो भोकाच्या घडणीने. १९१३ साली इंग्लंडच्या इंग्लिस यांनी लंबगोल भोकाचं सूत्र दिलं. ओढीच्या आडव्या दिशेची अर्धी लांबी भागिले ओढीच्या दिशेची अर्धी लांबी, त्याची दुप्पट, अधिक एक. गोल भोकाला हे गुणोत्तर एक, म्हणून उत्तर तीन. ओढीला आडवं, पाचपट लांबुडकं भोक असेल तर उत्तर अकरा. भोक चपटं होत होत भेगेसारखं झालं, तर सूत्रातलं उत्तर अनंताकडे जातं. हा 'अनंत' लक्षात ठेवा, पुढे तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर भेटणार आहे.

म्हणूनच वर्कशॉपमधला जुना मिस्त्री भेग दिसली की तिच्या टोकाला ड्रिलने गोल भोक पाडतो. नवख्या माणसाला वाटतं, आधीच तुटतंय आणि हा अजून भोक पाडतोय. पण टोकदार भेगेपेक्षा गोल भोक बरं, हे मिस्त्रीच्या हाताला माहीत असतं. कायमची दुरुस्ती होईपर्यंत भेग तिथे थबकते.

ही गर्दी किती जीवघेणी असते, हे विमानवाल्यांनी १९५४ साली पाहिलं. ब्रिटिश कॉमेट हे जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान. १० जानेवारीला एक कॉमेट इटलीच्या एल्बा बेटाजवळ हवेत फुटलं, ८ एप्रिलला दुसरं नेपल्सजवळ. फार्नबरोला एका कॉमेटचं अख्खं धड पाण्याच्या टाकीत ठेवून केबिनमधला दाब पुन्हा पुन्हा चढवला-उतरवला. आधीची प्रत्यक्ष उड्डाणं आणि टाकीतली मिळून ३,०५७ उड्डाणांइतके फेरे झाल्यावर ते खिडकीच्या कोपऱ्यापाशी फाटलं. समुद्रातून काढलेल्या अवशेषांत भेगेची सुरुवात छतावरच्या अँटेनासाठी कापलेल्या झरोक्याच्या कोपऱ्याजवळ सापडली. पत्र्यातला सरासरी स्ट्रेस झेपण्यासारखा होता. कोपऱ्यापाशी तो कंपनीच्या समजुतीपेक्षा बराच जास्त होता.

कॉम्प्युटर नेमकं काय करतो

कॉमेटनंतर दोनच वर्षांनी, १९५६ साली, टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा विमानांच्या रचनेवरचा तो प्रसिद्ध निबंध आला आणि १९६० साली क्लफ यांनी या पद्धतीला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिलं. त्याआधी १९४३ साली कूरांट या गणितज्ञाने त्रिकोणांचे तुकडे करून असंच गणित सोडवलं होतं, पण हातात कॉम्प्युटर नव्हता.

कल्पना सोपी आहे. पूर्ण वस्तूचं समीकरण सोडवता येत नाही, म्हणून वस्तूचे लहान लहान तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा म्हणजे एलिमेंट, तुकडे जिथे जोडले जातात ते बिंदू म्हणजे नोड, आणि सगळी मिळून जाळी, म्हणजे मेश. प्रत्येक तुकड्यात वस्तू अगदी साध्या रीतीने हलते असं धरायचं आणि कॉम्प्युटरला विचारायचं की कुठला नोड किती सरकला.

इथे बनारसचे विणकर मदतीला येतात. साडीवरची बुट्टी विणण्याआधी तिचा नक्शा चौकटीच्या कागदावर काढतात. चौकटी मोठ्या असतील, तर आंब्याच्या कोयरीचा बाक पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. चौकटी बारीक केल्या की बाक बाकासारखा दिसू लागतो. मेशचंही तेच. जिथे स्ट्रेस झपाट्याने बदलतो तिथे चौकटी मोठ्या ठेवल्या, तर कॉम्प्युटर तो चढ कापून सपाट करतो. शिखर बुटकं दिसतं.

एक बारकावा नीट समजून घ्या. कॉम्प्युटर आधी सरकणं काढतो. स्ट्रेस त्यावरून निघतो, शेजारच्या बिंदूंच्या सरकण्यातल्या फरकावरून. त्यामुळे सरकण्याचं उत्तर लवकर बरोबर येतं, स्ट्रेसचं उशिरा. 'डिफ्लेक्शन जुळलं, म्हणजे मॉडेल पास' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. डिफ्लेक्शन जुळणं ही चांगली गोष्ट आहे, पण भोकाच्या कडेचा आकडा त्याने सिद्ध होत नाही.

तीन जाळ्यांची परीक्षा

आता वही घ्या. १०० मिलिमीटर रुंद, १० मिलिमीटर जाड पोलादी पट्टी. मधोमध २० मिलिमीटरचं गोल भोक. दोन्ही टोकांनी ५० किलोन्यूटनने ओढली आहे.

आधी हाताने. भोकाच्या रेषेवर उरलेली रुंदी ८० मिलिमीटर, क्षेत्रफळ ८०० चौरस मिलिमीटर. ५०,००० भागिले ८००, म्हणजे ६२.५ मेगापास्कल. ही झाली उरलेल्या भागातली सरासरी. पट्टी अमर्याद रुंद नाही, म्हणून इथे गुणक तीन नसून तक्त्याप्रमाणे सुमारे २.५१ येतो. गुणाकार केला की कडेचा स्ट्रेस सुमारे १५७ मेगापास्कल.

आता समजा तुम्ही हीच पट्टी कॉम्प्युटरवर सोडवली. ठोकळ जाळीत कडेला १४० आले. भोकाजवळचे एलिमेंट निम्म्या आकाराचे केले, १५२ आले. पुन्हा निम्मे केले, १५५.५ आले. नुसते आकडे बघू नका, फरक बघा. पहिल्या पायरीला १२ वाढले, दुसऱ्या पायरीला ३.५. वाढ आटत चालली आहे. १२ भागिले ३.५, म्हणजे प्रत्येक पायरीला फरक सुमारे ३.४ पटीने घटतोय. हाच क्रम पुढे चालला, तर अजून किती वाढेल? ३.५ भागिले २.४, म्हणजे सुमारे दीड. १५५.५ अधिक दीड, १५७. हाताच्या हिशेबाशी जुळलं. याला म्हणतात मेश कन्व्हर्जन्स. जाळी बारीक करत गेलात तरी उत्तर आता जागचं हलत नाही, स्थिरावलं.

दोन जाळ्यांनी हे कळत नाही. दोन आकड्यांत एकच फरक मिळतो आणि एका फरकावरून तो वाढतोय की आटतोय हे सांगता येत नाही. तीन हवेत. आम्ही रेकीच्या बाबतीतही असंच शिकलो. दूरवरची जागा एका ठिकाणाहून पाहिली तर फक्त दिशा कळते. दुसऱ्या ठिकाणाहून पाहिली की जागा कळते. तिसरं निरीक्षण आधीची दोन बरोबर होती का ते सांगतं.

खोटा धीर: स्लायप्नर

ही परीक्षा न केल्याने काय होतं, त्याचं सगळ्यात महागडं उदाहरण नॉर्वेचं आहे. उत्तर समुद्रात ८२ मीटर खोल पाण्यात उभ्या करायच्या स्लायप्नर-ए या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मसाठी काँक्रीटचा प्रचंड पाया बांधला होता. २४ पोकळ गोल कोठ्या एकमेकींना चिकटवून उभ्या केलेल्या, त्यांतल्या चार वर वाढवून स्तंभ केलेले. तीन गोल कोठ्या जिथे एकमेकींना भिडतात तिथे मध्ये त्रिकोणी पोकळी राहते. घरात तीन डबे चिकटवून ठेवा, म्हणजे ती पोकळी दिसेल. त्या पोकळीत समुद्राचं पाणी शिरत होतं आणि कोठ्यांच्या भिंतींना आतून रेटत होतं.

२३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या गान्सफ्योर्डमध्ये तो पाया चाचणीसाठी हळूहळू बुडवत होते. सुमारे ६५ मीटर खोलीला मोठा आवाज झाला. अशाच एका त्रिकोणी पोकळीची भिंत फुटली होती. पंपांना पाणी आवरेना आणि सगळा पाया तळाशी गेला. तळावर आपटल्याचा धक्का भूकंपमापकावर ३ रिश्टरचा नोंदला गेला. माणसं सगळी वाचली. नुकसान मात्र सुमारे ७० कोटी डॉलरचं.

चौकशीत काय निघालं? हिशेब फायनाइट एलिमेंट पद्धतीनेच केला होता, नास्ट्रान या नावाजलेल्या प्रोग्रॅमवर. प्रोग्रॅम चुकला नव्हता. पण त्या त्रिकोणी पोकळीच्या भिंतींपाशी जाळी ठोकळ होती आणि तिथले एलिमेंट तिरकेतारकेही होते. त्यामुळे भिंतीतलं कातरबल ४७ टक्क्यांनी कमी आलं. त्या आकड्यावर विसंबून भिंत कमी जाडीची झाली आणि तिच्यातल्या काही महत्त्वाच्या सळ्या आखूड पडल्या. नंतर काळजीपूर्वक पुन्हा हिशेब केला, तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीला फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात फुटली ६५ ला. म्हणजे पद्धत किती अचूक सांगू शकते हेही त्याच अपघाताने दाखवलं.

माझ्या मते यातला धडा असा. पडद्यावर तिथे लाल ठिपका नव्हता. चित्र शांत होतं. आपण लाल दिसलं की घाबरतो, पण ठोकळ जाळीतला हिरवा रंग त्याहून घातक असू शकतो, कारण त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

खोटी भीती: टोकदार कोपरा

आता उलट बाजू. निवृत्तीनंतर इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांचे प्रोजेक्ट बघण्याचं काम मी आवडीने करतो. एका मुलाने एल आकाराच्या ब्रॅकेटचं मॉडेल आणलं. भिंतीला बोल्टने धरलेलं, पुढच्या टोकाला भार. आतल्या काटकोनात लाल ठिपका. कुणीतरी शिकवल्याप्रमाणे त्याने जाळी बारीक केली. स्ट्रेस १२० वरून १६५ झाला. पुन्हा निम्मी केली, २२६. पुन्हा, ३०९. मुलगा घाबरून म्हणाला, "सर, ये तो रुक ही नहीं रहा." आणि त्याने प्लेटची जाडी दुप्पट करून ठेवली होती.

मी त्याला म्हटलं, "बेटा, फरक मोजो." त्याने मोजले. ४५, ६१, ८३. आटत नाहीत, वाढत आहेत. दर वेळी मागच्याच्या १.३७ पट. हा १.३७ योगायोग नाही. १९५२ साली विल्यम्स यांनी दाखवलं की आत वळलेल्या टोकदार काटकोनापाशी स्ट्रेस अंतराच्या सुमारे ०.४५ व्या घाताने वाढत जातो. म्हणजे कोपऱ्याच्या निम्मं जवळ गेलात की स्ट्रेस सुमारे ३७ टक्क्यांनी वर. आणखी निम्मं जवळ, आणखी ३७ टक्के. भेगेच्या टोकाशी हेच प्रमाण सुमारे ४१ टक्के. याला शेवट नाही. याला सिंग्युलॅरिटी म्हणतात. इंग्लिसच्या सूत्रातला अनंत तो हाच. कॉम्प्युटर बिचारा प्रामाणिकपणे त्या अनंताकडे चालत होता. आपण जाळी बारीक करत होतो आणि तो एकेक पाऊल टाकत होता.

मग खऱ्या ब्रॅकेटमध्ये स्ट्रेस अनंत असतो का? नाही. खऱ्या वस्तूत शून्य त्रिज्येचा कोपरा नसतो. वाकवलेल्या पट्टीला वाक असतो, ओतीव वस्तूला गोलाई असते, कापलेल्या कोपऱ्याला हत्याराच्या टोकाची गोलाई असते. शून्य त्रिज्या फक्त पडद्यावर असते, कारण आपण गोलाई काढायचा कंटाळा केलेला असतो. त्या मुलाने कोपऱ्यात ५ मिलिमीटरची खरी गोलाई काढली. तीन जाळ्यांत आकडा स्थिरावला आणि जाडी वाढवायची गरज उरली नाही.

'जाडी वाढली तर काय बिघडलं, मजबूतच झालं' असं कुणी म्हणेल. आमचा बेली ब्रिज आठवा. दुसऱ्या महायुद्धात निघालेला, आजही डोंगरात वापरात असलेला पूल. त्याचं एक पॅनेल सुमारे २६० किलोचं, कारण सहा जवानांनी ते उचलून नेता यायला हवं. भीतीपोटी प्रत्येक पट्टी जाड केली असती, तर पूल मजबूत झाला असता, पण नदीपर्यंत पोचलाच नसता. वजनाची किंमत कुणाच्या तरी खांद्याला द्यावी लागते.

पण इथे एक इशारा. 'ती सिंग्युलॅरिटी आहे, सोडून द्या' हे वाक्य हल्ली फार स्वस्त झालंय. सिंग्युलॅरिटी म्हणजे त्या आकड्याला अर्थ नाही, एवढंच. ती जागा सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ होत नाही. उत्तर अजून मिळालेलं नाही, असा होतो. टोकदार कोपरा दिसतो, तिथे खऱ्या वस्तूतही बहुतेक वेळा गर्दी असतेच.

मग कोपऱ्याचं करायचं काय?

चार वाटा आहेत.

पहिली, कोपरा महत्त्वाचा असेल तर खरी गोलाई मॉडेलमध्ये काढा आणि तिच्या वळणावर पुरेसे एलिमेंट ठेवा. बाकीची जाळी ठोकळ चालते. घन वस्तूत सगळीकडे एलिमेंट निम्म्या आकाराचे केले की त्यांची संख्या आठपट होते, म्हणून बारीक जाळी फक्त हवी तिथेच. चार नोडचे चौमुखी एलिमेंट वापरत असाल, तर ते स्वभावाने ताठर असतात आणि स्ट्रेस कमी दाखवतात. दहा नोडचे घ्या.

दुसरी, कोपरा महत्त्वाचा नसेल, तुम्हाला दूरच्या जागेचा स्ट्रेस हवा असेल, तर लाल ठिपका राहू द्या. सें व्हेनां यांच्या तत्त्वानुसार एका ठिकाणच्या गडबडीचा परिणाम थोड्या अंतरावर विरून जातो. एका नोडवर लावलेला भार किंवा एका नोडवर दिलेला आधार हेही असेच खोटे लाल ठिपके काढतात. फक्त अहवालात तसं लिहा.

तिसरी वाट वेल्डची. वेल्डच्या कडेला गोलाई किती आहे हे कुणीच नेमकं सांगू शकत नाही. म्हणून तिथला आकडा वाचतच नाहीत. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या रीतीप्रमाणे कडेपासून प्लेटच्या जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावरचे दोन आकडे वाचतात आणि सरळ रेषेने कडेपर्यंत मागे येतात. १० मिलिमीटरची प्लेट असेल तर ४ आणि १० मिलिमीटरवर. तिथे १२० आणि १०५ मिळाले, तर ६ मिलिमीटरमध्ये १५ चा चढ, म्हणजे उरलेल्या ४ मध्ये १०. कडेचा आकडा १३०. याला हॉट-स्पॉट स्ट्रेस म्हणतात. वेल्ड किती फेरे टिकेल याचे तक्ते याच आकड्यासाठी बनवलेले असतात.

चौथी वाट, भार कसा आहे ते विचारणं. साधं पोलाद लवचिक असतं. एकदाच, सावकाश येणाऱ्या भाराखाली कोपऱ्यातला कणभर भाग थोडा ताणला जातो आणि ओझं शेजाऱ्यांना वाटून देतो. तिथे लाल ठिपक्याने एवढं घाबरायचं कारण नसतं. पण भार पुन्हा पुन्हा येत असेल, किंवा वस्तू ओतीव लोखंडासारखी ठिसूळ असेल, तर तोच कणभर भाग भेगेचं जन्मस्थान ठरतो.

याचं उदाहरण माझ्या घरापासून फार लांब नाही. बनारसचा रेल्वे इंजिनांचा कारखाना १९६१ साली स्थापन झाला, जानेवारी १९६४ मध्ये पहिलं डिझेल इंजिन देशाला अर्पण झालं, आणि २०२० पासून त्याचं नाव बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स आहे. इंजिनाचा ॲक्सल दर फेरीला एकदा वरून ताणला जातो आणि एकदा दाबला जातो, दिवसात लाखो वेळा. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ ॲक्सल तुटून मोठा अपघात झाला, तेव्हापासून रेल्वेवाले याचा अभ्यास करताहेत. पुढच्याच वर्षी रँकिन यांनी सुचवलं की ॲक्सलची जाडी जिथे बदलते त्या खांद्याला मोठी गोलाई द्या. कॉम्प्युटर नव्हता, जाळी नव्हती, पण कोपरा ओळखला होता. आजही ॲक्सलच्या खांद्याला ती गोलाई असते.

सही करण्याआधी

पुण्या-कोल्हापुरात, बेळगावच्या फाउंड्रीत किंवा वाहन कंपन्यांच्या डिझाइन ऑफिसात काम करणाऱ्या तरुणांसाठी माझा क्रम सांगतो. पुस्तक हवं असेल, तर पुण्याहून २००८ साली निघालेलं नितीन गोखले आणि सहकाऱ्यांचं 'प्रॅक्टिकल फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस' बघा. कामाच्या टेबलावर ठेवण्यासारखं आहे.

आधी हाताने ठोकळ हिशेब करा, कॉम्प्युटर सुरू करण्याआधी. मग आधारांवरच्या प्रतिक्रियांची बेरीज लावलेल्या भाराइतकी येते का ते बघा. मग वस्तू कशी वाकली ते डोळ्यांनी बघा, वेड्यावाकड्या आकारात मॉडेलची चूक लगेच दिसते. मग ज्या जागेवर निर्णय अवलंबून आहे तिथे तीन जाळ्या आणि दोन फरक. प्रोग्रॅम शेजारच्या एलिमेंटच्या स्ट्रेसची सरासरी काढून चित्र गुळगुळीत करून दाखवतो, ती सरासरी बंद करूनही एकदा बघा. शेजारी शेजारी एलिमेंट फार वेगळं सांगत असतील, तर जाळी अजून ठोकळ आहे. आणि हे सगळं अहवालात लिहा. रंगीत चित्राखाली 'कमाल स्ट्रेस इतका' एवढंच लिहिलेला अहवाल अर्धवट असतो.

ज्यांना सॉफ्टवेअर चालवता येत नाही, पण ज्यांच्या सहीने काम पुढे जातं, त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. आकडा वस्तूच्या नेमक्या कुठल्या जागेचा आहे? जाळी बदलल्यावर तो किती हलला? आणि चित्रात दिसणारा तो कोपरा खऱ्या वस्तूत तसाच आहे का? पहिल्या प्रश्नाला बोट दाखवून, दुसऱ्याला तीन आकडे सांगून आणि तिसऱ्याला ड्रॉइंगवरची त्रिज्या दाखवून उत्तर मिळालं, तर सही करा. 'सॉफ्टवेअरने दिलंय' असं उत्तर आलं, तर पेन खिशात ठेवा. स्लायप्नरला सॉफ्टवेअरनेच दिलं होतं.

राजघाटाच्या जुन्या पुलाशेजारी नवा पूल बांधायला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. खाली चार रेल्वेमार्ग, वर सहा पदरी रस्ता. जुना पूल बांधणाऱ्यांच्या हाती वही-पेन्सिल होती. नव्याच्या जोडांचे हिशेब जाळ्यांवर होतील. त्या पुलावरून जाणाऱ्या माणसाला यातलं काही कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. आमच्या पाटीसमोरच्या ड्रायव्हरसारखा तोही विश्वास ठेवून पुढे जाईल.

घरचा अभ्यास म्हणून आजची पट्टी स्वतः सोडवा. फुकट मिळणारं सॉफ्टवेअरही चालेल. आधी गोल भोकाची, तीन जाळ्यांत. मग गोल भोकाऐवजी टोकदार कोपऱ्यांचं चौकोनी भोक ठेवून, पुन्हा तीन जाळ्यांत. दोन्हीकडचे फरक वहीत शेजारी शेजारी मांडा. पुढच्या भाषणात आपण बोल्टच्या जोडांकडे वळू, तिथे हीच वही लागेल.

जय हिंद.